‘बर नाही ना, मग झालं!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मोटरच्या गाभ्यासाठीचा सिलिकॉन स्टीलचा पत्रा प्रेसवर पंच आणि डायने कापताना (ब्लँकिंग) त्या दोघांमध्ये ठेवायच्या फटीवर, म्हणजे क्लिअरन्सवर, मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: “सगळी पुस्तकी माहिती. बर (कापलेल्या काठावरची धारदार कुसळ) येत नसेल तर क्लिअरन्स बरोबरच असतो. उरलंसुरलं अ‍ॅनिलिंगमध्ये (भट्टीत तापवून हळू थंड करण्यात) निघून जातं. लेखकाने प्रेस जवळून पाहिलाय का?”

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण लिहिताना तुम्हाला खरी मजा तिथेच आलेली दिसते. माझी उमेदवारी टूल रूममध्ये गेली. पंचाची धार गेली की प्रेसचा आवाज बदलतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. मुद्दा खोडायचा तर जरूर खोडा, पण लायकी काढल्याने तो खोडला जात नाही.

अ‍ॅनिलिंगचं मान्य. साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला नीट केलं तर कापताना बसलेला ताण बराचसा निघतो. पण सगळेच स्टेटर (मोटरचा न फिरणारा गाभा) भट्टीत जात नाहीत. असो.

आता ते ‘बर नाही म्हणजे बरोबर’. ०.५ मिमी पत्र्याला एका बाजूला जाडीच्या ५ टक्के धरले तर क्लिअरन्स होतो २५ मायक्रोन. तो फार वाढवला की पत्रा तुटण्याआधी डायच्या तोंडात ओढला जातो, काठ गोलावतो, बर वाढतो. इथवर तुमचं खरं. पण फार कमी ठेवला तर? नव्या टूलवर बर जेमतेम दिसतो. मात्र पंचाकडून आणि डायकडून निघालेल्या भेगा एकमेकींना चुकवतात, मधला भाग पुन्हा कातरला जातो, जोर जास्त लागतो आणि धार लवकर जाते. असा काठ भिंगाखाली धरा: एकाऐवजी दोन चकचकीत पट्टे आणि मध्ये खरबरीत करडी रेघ. तुमच्या हिशेबाने हाही ‘बरोबर’च!

आणि बर अजिबात नसला तरी काठालगतचा पत्रा दबून कडक झालेला असतोच. तिथे पर्मिअ‍ॅबिलिटी (चुंबकीय प्रवाह वाहू देण्याची क्षमता) घसरते, हिस्टेरिसिस लॉस (चुंबकत्व उलटसुलट होताना उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा) वाढतो. हे बोट फिरवून कळत नाही हो. मिलच्या सर्टिफिकेटवरचा लॉस सहसा एपस्टाइन चाचणीचा (पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट रचून लॉस मोजण्याची प्रमाणित पद्धत) असतो, आणि तिच्या पट्ट्या ३० मिमी रुंद. समजा, दोन्ही काठांना अर्धा-अर्धा मिमी पत्रा बिघडला. पट्टीचा तो तिसावा भाग झाला. स्टेटरचा ४ मिमीचा दात घ्या, त्याचा सरळ चौथा हिस्सा गेला! मग कागदावरचा लॉस मोटरमध्ये का मिळत नाही म्हणून पत्रा पुरवणाऱ्याशी भांडत बसायचं.

पुढच्या वेळी आकडे घेऊन या: पत्र्याची जाडी, एका बाजूचा क्लिअरन्स, टूलला धार लावल्यानंतर (ग्राइंडिंग) झालेले स्ट्रोक. त्यावर हवं तितकं बोलू. ‘पुस्तकी’ला मात्र यापुढे उत्तर मिळणार नाही.