खुलासा : पुण्याच्या अय्यंगार योगसंस्थेत राहण्या-जेवण्याची सोय नाही

'पुण्यात अय्यंगार गुरुजींच्या आश्रमात राहणं-जेवण मोफत, पहाटे चारला उठवतात, फक्त बॅग घेऊन या' असा मेसेज दोन-तीन ग्रुपवर आला. कृपया तो पुढे पाठवू नका.

योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची मॉडेल कॉलनीतली रमामणी अय्यंगार स्मृती योगसंस्था 1975 साली सुरू झाली. ती आश्रम नाही, तिथे वर्ग भरतात. मी तिथे शिकत होतो तेव्हा जवळच खोली भाड्याने घेतली होती. दूध, डबा, कपडे सगळं स्वतःचं स्वतः बघायचं. सकाळी रिकाम्या पोटी वर्गाला जायचं, पतंजलींची प्रार्थना म्हणायची, मग उभ्याची आसनं. गुडघा किंचित सैल पडला तरी शिक्षकांच्या नजरेतून सुटत नसे. आसनांना आधाराला घेतलेल्या घोंगड्या, पट्टे, दोर वापरून झाले की नीट घडी घालून जागेवर ठेवायचे, हाही शिकण्याचाच भाग. दुपारी खोलीवर सराव किंवा संस्थेच्या ग्रंथालयात वाचन. हे साधं, शिस्तीचं रूटीन मला फार प्रिय आहे, म्हणून चुकीचं चित्र पसरलेलं बघवत नाही.

आणखी एक, स्वतः गुरुजी 20 ऑगस्ट 2014 रोजी गेले. 'गुरुजी स्वतः शिकवतात' हे मेसेजमधलं वाक्यही खरं नाही.

बहुधा लोणावळ्याच्या कैवल्यधामशी गल्लत झाली असावी. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या त्या संस्थेत निवासाची सोय आहे. पुण्याला यायचं असेल तर आधी संस्थेकडून प्रवेशाची खात्री करा, खोली ठरवा, मगच तिकीट काढा. ज्या ग्रुपवर जुना मेसेज टाकला असेल, तिथे हा खुलासाही टाका.