पूर नवा, पथक नवं, पाटी कोरी

कृष्णाकाठी पुराची मदत घेऊन निघालात? छान. आधी बॅनर छापून घ्या. तांदूळ मागाहून आला तरी चालतं. पण टेम्पोला बॅनर नसेल तर ही मदत की नुसता किराणा, हे लोकांना कळायचं कसं?

मग व्हॉट्सॲपवर ग्रुप काढा. ‘पूरमदत’, ‘पूरमदत मुख्य’ आणि ‘पूरमदत मुख्य नवीन’ असे तीन तरी हवेतच. पहिल्यात काय हवंय ते, दुसऱ्यात सामान कुठवर आलं ते, तिसऱ्यात सुप्रभात. शेजारच्या गावातल्या पथकाला मात्र एकाही ग्रुपवर घेऊ नका. उद्या तुमच्याकडे चादरी उरल्या आणि त्यांच्याकडे साड्यांचे ढीग लागले, तर अदलाबदल करावी लागेल. मग फोटोतली चादर कोणाची म्हणायची?

गावात पोचलात की सर्व्हे करा. कालच्या पथकानं केलाय म्हणून काय झालं? त्यांच्या फॉर्मात आधी नाव, मग आडनाव, आपल्यात उलटं. एका गावात निवारा केंद्रातून नुकत्याच घरी परतलेल्या काकू चिखल उपसत होत्या. आम्ही त्यांच्या दारातलं तिसरं पथक. आम्हाला बघताच त्यांनी फावडं टाकलं, आत जाऊन पोराच्या वहीचं एक कोरडं पान शोधलं आणि लिहून दाराच्या कडीत अडकवलं: ‘माणसं पाच. म्हशी दोन हुत्या, एक ऱ्हायली. शुगरच्या गोळ्या संपल्या. कापडं नकोत.’ आम्ही पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला (मुख्य नवीनवर), भराभर अंगठे आले, आणि मग रीतसर विचारलं, “काकू, घरात माणसं किती?”

“आवं, वाचाय येत न्हाई व्हय?”

शेऱ्याच्या रकान्यात ‘लाभार्थी चिडखोर’ असं लिहिलं. शुगरच्या गोळ्या किटमध्ये नव्हत्या, म्हणून कपड्यांचं गाठोडं देऊन आलो.

मदतकार्यात ‘स्फिअर’ नावाचे जगभर मानलेले निकष आहेत: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. हे आकडे पाठ करा, भाषणात शोभतात. शाळेच्या वर्गात टेप घेऊन मोजायला मात्र बसू नका. वर्गात किती माणसं कोंबलीत ते कळेल, आणि कळलं की काहीतरी करावं लागतं.

दर चार दिवसांनी पथक एकदम बदला. जाणारे आणि येणारे टोलनाक्यावर एकमेकांना हात करतात, तेवढं हस्तांतर पुरे. कुठल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कुठली मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीये, हे नव्यांनी नव्यानं शोधावं. आयतं मिळालं की किंमत राहत नाही.

चुका तर चुकूनही लिहून ठेवू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी खचाखच भरलेली बोट उलटली. तिच्यावर थट्टा करायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यानंतर आपल्या पथकात ‘बोटीत माणसं किती आणि पुढच्याला नाही कोण म्हणणार’ हे कुणी ठरवलं का, असं बैठकीत विचारून बघा. नको, विचारू नका. वातावरण बिघडतं.

आढावा बैठक मात्र घ्याच. शाल, श्रीफळ, स्लाइडवर चिखलातले हसरे चेहरे. ‘काय चुकलं’ असं कुणी म्हणालंच, तर ‘सूचनेचं स्वागत आहे’ म्हणून लगेच आभारप्रदर्शनाकडे वळा.

आमच्या बैठकीला टेम्पोवाले मामा बाहेर गाडीतच बसून होते. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांत त्यांनी गाडी हाकलेली. डॅशबोर्डवर बारकी डायरी. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं की कुठला रस्ता बंद होतो, कुठून वळसा पडतो, कुणाचा ट्रॅक्टर रात्री-अपरात्री निघतो, सगळं तारखेनिशी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्या पानावरची शाई ओल लागून फुटली होती.

“हे आत दाखवलंत का?” मी विचारलं.

“कुणी मागितलं न्हाई,” मामा म्हणाले.

मी पान उलटतोय तोच हॉलच्या दारातून हाक आली, “मामा, बारा चहा सांगा. दोन बिनसाखरेचे.”