एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : पत्रिकेतली पुसट नावं

नमस्कार मॅडम, रिव्ह्यू वाचला. घरच्या लग्नात पत्रिकेवरून मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "अक्षरं तुटलेली, स्वस्तातलं प्रिंटिंग, नौपाड्यात या दुकानात जाऊ नका" असं सगळ्या ठाण्याला सांगितलंत म्हणून लिहावं लागतंय, नाहीतर आम्ही उत्तरं देत बसत नाही.

तुम्ही मोबाईलवर व्होग या फॅशन मासिकाचं कव्हर दाखवून "अस्संच पाहिजे" म्हणालात. ते डिडो जातीचं अक्षर, उभा दांडा जाडजूड आणि आडवी रेघ केसासारखी, सगळा रुबाब त्या फरकात, आणि तो मोठ्या साइझलाच दिसतो. वधूवरांची नावं आपण ४८ पॉइंटात घेतली, तुमच्याच फोटोत झूम करून बघा, एक रेघ तुटलेली नाही. त्याबद्दल रिव्ह्यूत एक शब्द नाही, असो.

पुसट झालीयत ती खाली निमंत्रकांची नावं. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, ओके झाल्यावर आधी आत्याकडची नावं आली, मग डोंबिवलीची मंडळी, मग "मामांचं राहिलं तर रुसतील". कार्ड तेवढंच, मग अक्षर ६ पॉइंटावर आलं, तेही बॉटल ग्रीनमध्ये रिव्हर्स, म्हणजे हिरव्यावर पांढरं अक्षर, आणि वर टेक्स्चर पेपर. तो हिरवा चार रंग मिळून होतो, एखादा रंग जरा सरकला की आतली पांढरी बारीक रेघ भरून जाते, मशीन कुठलंही असू दे. म्हणून तर हार्पर्स बझार मासिकासाठी जोनाथन होफ्लर या फॉन्ट डिझायनरने डिडो केला तेव्हा ६ पासून ९६ पॉइंटपर्यंत सात वेगवेगळे कट, म्हणजे साइझप्रमाणे वेगळी अक्षरं, केले, लहान साइझला बारीक रेघ मुद्दाम जाड. मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर म्हटलं होतं, नावांना बोडोनी या डिडोसारख्याच फॉन्टचा लहान साइझसाठी केलेला कट घेऊ, आयटीसीचा बोडोनी सिक्स म्हणून आहे, नाहीतर साधा फॉन्ट लावू. तुमचं उत्तर, "नको, मॅच होत नाही, क्लासी वाटत नाही." मेसेज आहे माझ्याकडे, इथे लावत नाही, बरं दिसत नाही ते.

आणि मराठी बाजूचा रोझा वन फॉन्ट फुकट मिळतो मग सेटिंगचे, म्हणजे मजकूर बसवायचे, पैसे कशाला, हेही लिहिलंयत. फॉन्ट फुकट आहे मॅडम, बसवणारा पोरगा फुकट नाही.

आता आम्ही फायनल प्रूफवर सही घेणार आहोत, बाकीही थोडंफार बदलतोय. नावांचं पान परत छापून हवं असेल तर फक्त कागदाच्या खर्चात देतो, दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं तेवढं बघून या. लग्नसराई तोंडावर आहे, गिऱ्हाईक आधी स्टार बघतं मग दुकान, तेव्हा त्या एका स्टारचं जमलं तर बघा.