कादंबरी आणि '२१ दिवसां'च्या मेसेजबद्दल खुलासा

दिवाळीत मीच टाकलेला मेसेज अजून फिरतोय, की सलग २१ दिवस रोज लिहिलं की सवय लागते, मग कादंबरी आपोआप पुढे सरकते, आणि एक दिवस जरी चुकला तरी मोजणी परत एकपासून. हे चुकीचं आहे, न तपासता टाकलं ही चूक माझी.

२१ चा आकडा आला मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं, फिरता फिरता त्यातलं 'कमीत कमी' गळालं. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचला, २०१० ला छापून आलेला, ९६ जणांचा. त्यात मधला आकडा ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब. तोही पाणी पिणं, फळ खाणं, व्यायाम असल्या गोष्टींचा, कादंबरीचा नाही बरं का. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही.

हे शेवटचं मला जास्त लागलं, कारण माझ्या सतराव्या दिवशी घरी पाहुणे आले, वही उघडलीच नाही आणि 'आता परत पहिल्यापासून' या वैतागात तिसरं प्रकरण तसंच पडलं, नायिका अजून एसटी स्टँडवरच उभी आहे.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, जिथे पाठवला असेल तिथे हा टाका.