सासवड ते पुणे अंतर तीस किलोमीटर, पण मध्ये दिवे घाट
मी सासवडला राहतो. तुमच्या लेखात त्याला 'पुण्याजवळचं निवांत ऐतिहासिक गाव' म्हटलंय, वर 'स्वस्त'ही. निवांत? सकाळी साडेसातला दिवे घाटात येऊन बघा. एखादा ट्रक चढावर बंद पडला की तीस किलोमीटरला दोन तास लागतात. अकरा वर्षं हडपसरला जाऊन-येऊन करतोय, त्यामुळे घाटातून दिसणारा मस्तानी तलाव आता तोंडपाठ झालाय! पालखी घाट चढते त्या दिवशी तर रजाच टाकायची. मग दोन दिवस माउलींचा मुक्काम, घरी पंचवीस माणसं जेवायला, आई खूश.

इतिहास म्हणाल तर सोपानदेवांची समाधी, पुरंदऱ्यांचा वाडा, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची समाधी, सगळं हाकेच्या अंतरावर. रविवारी संगमेश्वर मंदिराच्या पायऱ्यांवर बसावं, कऱ्हा नदीला पाणी असलं तर. नसतंच बहुतेक वेळा. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, हे लेखात कुठंय?

आणि 'स्वस्त' हा शब्द तेवढा काढा. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून जमिनीचे भाव ऐकवत नाहीत. शेजारच्यांनी अंजिराची बाग मोडून प्लॉट पाडले. तरी पुण्यात फ्लॅट घ्या म्हणून बायको मागे लागली की मीच विषय बदलतो.