अंगण खरंच वाकडं आहे

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने काढली त्याने रेडिओ दुर्बिणीची डिश कधी उभी केलेली नसावी. या धंद्यात अंगण खरोखरच वाकडं असतं. त्यामुळे निरीक्षणाआधीचं माझं पहिलं काम खगोलशास्त्रज्ञाचं नसून गवंड्याचं. खांबाला स्पिरिट लेव्हल लावायची, डिश ९० अंश फिरवायची, पुन्हा लावायची. असं चारही दिशांना. एका दिशेला बुडबुडा मधोमध आणि दुसऱ्या दिशेला कडेला गेला, तर खांब कललाय. मग पाया सरळ करा, नाहीतर निशाण्याची चूक रात्रभर सोबत घेऊन फिरा.

उत्तर दिशेसाठी होकायंत्र आणू नये. एक तर चुंबकीय उत्तर म्हणजे खरी उत्तर नव्हे आणि शेजारचा लोखंडी खांब त्याला उत्तर ध्रुवापेक्षा जवळचा वाटतो. त्यापेक्षा सूर्य बरा. फीडची, म्हणजे डिश जिथे लहरी एकवटते त्या नाभीवर बसवलेल्या छोट्या अँटेनाची, सावली डिशच्या बरोबर मध्यावर पडली की डिश सूर्याकडे बघते आहे. निदान डोळ्याला तरी. रेडिओचं मत वेगळं असू शकतं.

ते मत घ्यायला डिश सूर्याच्या वाटेवर थोडी पुढे नेऊन ठेवायची, मोटर बंद करायची आणि स्वस्थ बसायचं. ३ मीटरच्या डिशची नजर २१ सेंटिमीटर तरंगलांबीला (आकाशातला हायड्रोजन हिच्यावरच बोलतो) साधारण ५ अंश रुंद असते, आणि आकाश तासाला १५ अंश सरकतं. म्हणजे सूर्य त्या नजरेतून सुमारे २० मिनिटांत जातो. आलेखावर छान घंटा उमटायला हवी. शिखर गणितापेक्षा ४ मिनिटं उशिरा आलं तर निशाणा १ अंशाने चुकलाय. घंटेच्या एकाच बाजूला जादा कुबड आलं तर फीड नाभीपासून बाजूला सरकलंय. बहुधा आधाराच्या तीन पायांपैकी एकाचा नट सैल असतो. एक सवय मात्र लावून घ्यावी: डिश लक्ष्यावर नेहमी एकाच बाजूने आणायची. नाहीतर गिअरच्या दात्यांमधली फट दर वेळी वेगळं उत्तर देते आणि दोष गणिताला लागतो.

फीडच्या तोंडात डोकावायचं ते बेताने. कोळी असतो, कधी गांधीलमाशी. १९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या कर्ण्यासारख्या हॉर्न अँटेनात कबुतरं राहत होती. त्यांनी कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडली, तरी साडेतीन केल्विनची खुसखुस (या धंद्यात गोंगाट तापमानात मोजतात) जाईना. ती विश्वाच्या जन्माची खूण निघाली आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून जादा खुसखुस ऐकू आली की आम्हाला स्टॉकहोम दिसतं. निघतं ते कनेक्टरमधलं पाणी.

या पाण्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे. लो नॉइज अॅम्प्लिफायर, म्हणजे स्वतःचा गोंगाट फारसा न मिसळता क्षीण संकेत वाढवणारं यंत्र, फीडला अगदी चिकटून बसवतात, कारण त्याच्या आधी फक्त ०.१ डेसिबल वाया गेलं तरी सुमारे ७ केल्विनची भर पडते. पण केबल जोडणारा एन कनेक्टर उघडावा तर एक थेंब टपकन मनगटावर पडतो, आणि केबलच्या आतली तांब्याची जाळी जुन्या नाण्यासारखी हिरवी झालेली. ती पुसून सुधारत नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल कापायची, नवा कनेक्टर लावायचा, आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून खालून वर गुंडाळायची, म्हणजे पदर कौलांसारखे एकावर एक बसतात. आणि सांध्याखाली केबलला झोका द्यायचा. पाणी झोक्याच्या तळाशी येऊन गळतं, सांध्यात चढत नाही.

आता ताप बघायचा. आधी डिश आकाशगंगा टाळून रिकाम्या आकाशाकडे, मग जमिनीकडे. जमीन सुमारे ३०० केल्विन, आकाश १० च्या आसपास. यंत्राचा स्वतःचा गोंगाट ५० धरला तर ३५० आणि ६०, म्हणजे साडेसात डेसिबलहून जरा जास्त फरक. फरक फक्त ३ डेसिबल आला तर यंत्राचा गोंगाट २८० केल्विन झालाय; म्हणजे डिश ताऱ्यांऐवजी स्वतःलाच ऐकते आहे. अजिबात फरक नसेल तर अॅम्प्लिफायरला ५ व्होल्ट पोहोचतात का ते बघावं. केबलमधून वीज पाठवणारं बटण बंदच असतं. या मोजणीत फीडसमोर उभं राहू नये. त्याच्या लेखी आपणही ३०० केल्विनचा ढिगाराच.

उरला बाहेरचा त्रास. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा खगोलशास्त्रासाठी राखीव, तिथे कुणी प्रक्षेपण करायचं नाही. पण चार्जर नियम वाचत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर रेडिओ दुर्बिणीला वर्षानुवर्षं दिसणारे गूढ स्पंद २०१५ मध्ये तिथल्याच मायक्रोवेव्हचे निघाले. शिजवणं संपायच्या आत कुणीतरी दार उघडत होतं. काखेत कळसा. म्हणून एकेक वस्तू बंद करत पडद्यावर नजर ठेवायची: दिवे, मोटरचा कंट्रोलर, चार्जर. हे सगळं निर्दोष सुटतं. मग, ज्यावर आपण हे सगळं बघतोय, त्या लॅपटॉपकडे हळूच नजर वळते.

शेवटी हंस तारकासमूहाच्या बाजूला आकाशगंगेत निशाणा. काही मिनिटं संकेताची बेरीज केल्यावर १४२०.४ मेगाहर्ट्झच्या आसपास हायड्रोजनचा उंचवटा उगवला की तपासणी संपली. एवढ्यात वारा सुटतो. वाऱ्यात डिश सरळ डोक्यावर, आकाशाकडे तोंड करून ठेवायची हा नियम. ती तशी ठेवून ब्रेक लावायचा. पहिल्या सरीला तिची परात होते, आणि तळाची निचऱ्याची भोकं पानांनी बुजलीत का, एवढंच नेमकं बघायचं राहिलेलं असतं.