फोन तुमचा, काम विद्यापीठाचं

दोन वर्षांपूर्वीची जूनमधली गोष्ट. दिल्लीच्या एका पोर्टलवर विद्यापीठाची माहिती भरायची शेवटची तारीख. दुपारचे दोन वाजलेले, सहाला खिडकी बंद. पासवर्ड घेतला आणि पडद्यावर आलं की नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. नंबराचे शेवटचे दोन आकडे तेवढे दिसत होते. हा नंबर कुणाचा, यावर आस्थापना विभागात दहा मिनिटं संशोधन चाललं. निघाले आमचे निवृत्त साहेब! रिटायर होऊन तीन वर्षं झालेली आणि मुक्काम अमेरिकेत सॅन होजेला, मुलाकडे. तिथे रात्रीचा दीड. तरी व्हॉट्सअॅपवर फोन लावला. साहेबांनी उचलला, घसा खाकरला, आकडे वाचले. पहिल्यांदा चुकीचे, कारण चष्मा सापडत नव्हता. दुसऱ्यांदा बरोबर. फॉर्म गेला. साहेब म्हणाले, "अरे, मी अजून नोकरीत आहे का रे? मग पगार कुठे जातोय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना डोक्यात तेच होतं. एका राज्य विद्यापीठाचं काम एका म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवलेल्या खासगी फोनवर अडलेलं होतं, आणि यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मी संगणक केंद्रात 17 वर्षं आहे. लागलो तेव्हा आमच्याकडे सांभाळायला फोन असा एकच होता, कुलगुरूंचा ब्लॅकबेरी. त्यावर मेल आला नाही तर धावपळ व्हायची. बाकी कर्मचाऱ्यांचे फोन बोलण्यासाठी आणि मिस्ड कॉल देण्यासाठी. आज हजेरी फोनवर, रजेचा अर्ज फोनवर, मेलचं लॉगिन मंजूर करायचं फोनवर, पेपर डाउनलोड करायचा पासवर्ड फोनवर, आणि परिपत्रक तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं की पोचलं असंच धरतात. फोन मात्र प्रत्येकाचा स्वतःचा. रिचार्ज स्वतःचा. स्क्रीन फुटली तर खर्च स्वतःचा. आणि चालेनासा झाला की माणूस येतो आमच्या दारात.

आमच्या दारात आला की अधिकृत उत्तर काय? "वैयक्तिक उपकरणांची जबाबदारी संगणक केंद्राची नाही." हे वाक्य मीच टाइप करून दरवाजाला चिकटवलं होतं, 2016 च्या सुमारास. आता काढून टाकलंय. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच लाज वाटायला लागली.

आमच्या खात्याची एक जुनी चूकही कबूल करतो. कॅम्पसचं वायफाय युजरनेम-पासवर्डवालं. अँड्रॉइडवर जोडताना ते सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे हे वायफाय खरंच विद्यापीठाचं आहे हे पटवणाऱ्या दाखल्याबद्दल विचारतं. आम्ही सगळ्यांना पढवलं होतं, तिथे "डू नॉट व्हॅलिडेट" (तपासू नका) निवडा आणि पुढे जा. स्क्रीनशॉटवर लाल बाण काढून ग्रुपवर टाकला होता. डिसेंबर 2020 मध्ये अँड्रॉइड 11 च्या एका अपडेटने तो पर्याय काढायला सुरुवात केली आणि नवनव्या फोनवरून तो दिसेनासा झाला. रांग लागली. "सर, तुमच्या फोटोत आहे ते माझ्यात नाहीये." आम्ही फोन कंपन्यांच्या नावाने बोटं मोडली. वास्तविक चूक आमची होती. सर्टिफिकेट तपासू नको म्हणणं म्हणजे दारावरच्या माणसाला न बघता किल्ली देणं. गेटबाहेर चहाच्या टपरीवर कुणीही त्याच नावाचं वायफाय उभं केलं असतं, तर फोन आपणहून त्याला जाऊन मिळाला असता आणि आमच्या लोकांची लॉगिनं त्याच्या हातात पडली असती. कितीतरी वर्षं आम्ही असुरक्षितपणा शिकवत होतो, आणि तोही बाण काढून.

त्याच्या जोडीला मॅक पत्त्यांचं, म्हणजे प्रत्येक फोनच्या वायफाय ओळखक्रमांकाचं, रजिस्टर होतं. कर्मचाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता बघायचा, फॉर्मवर लिहायचा, विभागप्रमुखांची सही, मग आम्ही तो नंबर सिस्टीममध्ये टाकायचो. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून आणि 2020 च्या आयओएस 14 पासून फोन नेटवर्कला आपला खरा पत्ता सांगेनासे झाले. कुणी माग काढू नये म्हणून प्रत्येक वायफायला वेगळाच बनवलेला पत्ता देतात. फॉर्मवर एक, हवेत दुसरा. इतिहास विभागातल्या एका मॅडमनी तीन वेळा फॉर्म भरला, तीन वेळा सही आणली. चौथ्या वेळी फोन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आता तुम्हीच विचारा त्याला, तो कोण आहे ते." ते रजिस्टर कपाटात आहे अजून. ऑडिटला लागतं म्हणे.

पण खरी गोष्ट मला शिकवली परीक्षा विभागातल्या एका हेडक्लार्क बाईंनी. कार्यालयीन मेल फोनवर घ्यायचा आदेश निघाला होता. मी त्यांच्या फोनवर खातं जोडत होतो. शेवटी परवानग्यांचा पडदा आला. आम्ही तो न वाचता खालचं बटण दाबतो. बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली, "सर्व डेटा मिटवा." मग माझ्याकडे बघितलं. "हे कोण मिटवणार? तुम्ही?"

मी समजावलं की फोन चोरीला गेला तर विद्यापीठाचा मेल चोराच्या हाती लागू नये म्हणून ती सोय असते. लांबूनच फोन कोरा करता येतो.

"म्हणजे माझ्या मुलीच्या बाळंतपणाचे फोटो, भिशीचा हिशोब, आईचे रिपोर्ट, हे सगळं तुमच्या एका बटणावर?"

"हो, पण आम्ही करणार नाही."

"करणार नाही ते ठीक. करू शकता ना?"

मी गप्प बसलो. त्यांनी परवानगी नाकारली, आणि मी त्यांच्या मेलसाठी टेबलावरच्या कॉम्प्युटरची सोय करून दिली. आदेशाचं उल्लंघन आम्ही दोघांनी मिळून केलं.

यावर तोडगा नाही असं नाही. अँड्रॉइडमध्ये 2014 च्या पाचव्या आवृत्तीपासून वर्क प्रोफाइल आहे. कामाची अॅप वेगळ्या कप्प्यात, त्यांच्या चिन्हावर छोटी बॅग. विद्यापीठाला मिटवायचं झालं तर तो कप्पाच तेवढा मिटतो, बाळाचे फोटो जागच्या जागी. पण हे बसवायला सॉफ्टवेअर लागतं, ते चालवणारा माणूस लागतो, आणि कमी मेमरीच्या फोनवर ते रडतखडत चालतं. आमच्याकडे पद मंजूर नाही. त्यामुळे शंभर जणांच्या फोनवर आजही ती "सर्व डेटा मिटवा"वाली परवानगी न वाचता दिलेली आहे. आपल्या कार्यालयाचा मेल फोनवर घेतला असेल तर एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघा.

आता चेहऱ्याची हजेरी. फोन नोंदवलेला हवा, आवारात असायला हवा, कॅमेऱ्यात चेहरा दिसायला हवा. ग्रंथालयातले आमचे एक शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांच्या घरी चांगला फोन एकच, आणि मुलगी बारावीला. तिच्या क्लासची टेस्ट फोनवर. त्या दिवशी ती फोन घेऊन गेली. मामा साडेनऊला ग्रंथालयाचं कुलूप उघडून, खिडक्या उघडून, वर्तमानपत्रं लावून बसले होते. अॅपच्या लेखी गैरहजर. अर्ध्या दिवसाची रजा कापली. मामा माझ्याकडे आले, हातात साधा बटणाचा फोन. "सर, यात बसतंय का बघा." नाही बसत मामा. ग्रंथपालांनी लेखी दिलं, रजा परत मिळाली, पण पावणेदोन महिन्यांनी.

याला डिजिटल साक्षरतेचा अभाव म्हणतात तेव्हा मला राग येतो. मामांना सगळं कळतं. त्यांच्याकडे दुसरा फोन नाही, एवढीच अडचण आहे.

मग द्या ना सगळ्यांना फोन, असं आमचे प्राध्यापक मित्र म्हणतात. नको. एक तर खरेदी सगळ्यात कमी दराच्या निविदेवर जाणार. 2021 साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं होतं, आठवतं का? फोन अडकायचे, मेमरी पुरायची नाही, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर. आमच्याकडे याहून वेगळं काय होणार? शिवाय फोन डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कार्यालयाच्या मालकीच्या वस्तूंच्या वहीत चढणार. चार वर्षांत त्याचे अपडेट बंद, पण निकामी वस्तू वहीतून काढणाऱ्या निर्लेखन समितीची बैठक काही होणार नाही, आणि मेलेला फोन सही करून सांभाळत बसायचा. दोन फोन खिशात घेऊन हिंडायची हौसही कुणाला नाही.

मला वाटतं, आधी सक्ती कमी करा. ज्या कामाला फोन लावलाच पाहिजे असं नाही, तिथे दुसरी वाट उघडी ठेवा. हजेरीला प्रत्येक इमारतीत एक टॅबलेट भिंतीवर लावा, ज्याला हवं तो आपल्या फोनवरून करेल. कोणत्या अँड्रॉइडच्या वरचे फोन आम्ही सांभाळू ते एका कागदावर लिहा, आणि त्या फोनवर विद्यापीठाचं काम अडलं तर ते सोडवणं आमचं काम आहे हेही त्याच कागदावर लिहा. मेहरबानी म्हणून नको, ड्युटी म्हणून. मेलच्या पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीला एसएमएसऐवजी कोड दाखवणारं अॅप वापरा, रेंज नसली तरी चालतं. आणि फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे जे दहा बॅकअप कोड गूगल देतं ते कागदावर छापून पाकिटात ठेवा. फोन बदलल्यावर "सर, मेल उघडत नाही" म्हणून येणाऱ्यांत ते कोड जपलेला माणूस मला आजवर एकच भेटलाय. संस्कृतचे सर. पंचांगात ठेवले होते.

आणि जे काम पदाचं आहे, त्याचा नंबर पदाचाच हवा. एवढं एक मात्र मी भांडून करून घेतलं. सॅन होजे प्रकरणानंतर टिपणी लिहिली. ती दोनदा "चर्चा करावी" असा शेरा घेऊन परत आली. तिसऱ्यांदा मी त्या दुपारची हकीकत जशीच्या तशी जोडली, मग मंजूर झाली. आता आस्थापना आणि परीक्षा विभागात एकेक फोन आहे, सिम विद्यापीठाच्या नावावर, ड्रॉवरमध्ये चार्जरला लावलेला. ज्याची ड्युटी त्याने वहीत सही करून घ्यायचा. पोर्टलांवरचे जुने नंबर बदलायला आठ महिने लागले, कारण नंबर बदलायलाही जुन्या नंबरावर ओटीपी जातो.

साहेब आता परत आलेत, नाशिकला असतात. परवा जूनच्या शेवटी त्यांचा फोन आला. "काय रे, यंदा मला एकही ओटीपी आला नाही. विद्यापीठ चालू आहे ना?"